स्कुटी पोलीस ठाण्यात, मी बसमध्ये

नऊ वर्षं मी स्कुटी चालवली आणि नऊ वर्षांत मला एकदाही कुणी थांबवलं नाही. येळ्ळूरहून निघायचं, वडगावातनं बेळगावच्या शहापूरला जायचं, दुकानांतनं साड्या उचलायच्या, घरी आणून फॉल-पिको करायचं, कुणाला हवं असेल तर पदराला कुच्चू, म्हणजे गोंडे, बांधायचे आणि दोन दिवसांनी परत पोचवायच्या. पायाजवळ साड्यांची पिशवी, डोक्यावर हेल्मेट, अंगात चुडीदार. अशा बाईला पोलीस अडवत नाहीत, पोरांना अडवतात. आमच्या गल्लीत सात जणी गाड्या चालवतात आणि सातही जणींना हे पाठ होतं.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता, म्हणजे लग्नसराई तोंडावर. त्या मंगळवारी वडगावात शिरतानाच्या वळणावर चार-पाच पोलीस दिसले, तेव्हाही मी सवयीनं कडेकडेनं पुढं काढली. तर एक पोलीस बाई सरळ समोर आल्या, हँडलवर हात ठेवला आणि चावी फिरवून गाडी बंदच केली.

"लायसन्स दाखवा ओ अक्का."

"घरी राहिलंय."

हे वाक्य मी नऊ वर्षं तयार ठेवलं होतं. वापरायची वेळ आली आणि ते दोन सेकंदही टिकलं नाही.

"मग फोनवर दाखवा की. डिजिलॉकरला असलं तरी चालतंय. नाहीतर नंबर सांगा, मी बघते."

मी पिशवीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. शेवटी म्हटलं, "काढलेलंच नाही."

पलीकडं उभे असलेले साहेब कन्नडमध्ये म्हणाले, "गाडी यारदु?" एवढं कन्नड मला येतं. गाडी कुणाची? मी म्हटलं, आमच्या मिस्टरांची, आरसी त्यांच्या नावावर आहे. साहेबांनी मान हलवली आणि बाईंना काहीतरी सांगितलं. बाई मला म्हणाल्या, "मग केस दोघांवर होणार. तुमच्यावर चालवल्याची, त्यांच्यावर दिल्याची."

मी पर्स उघडली. दंड काय असेल तो घ्या, पावती द्या, अकरापर्यंत साड्या पोचवायच्यात, कस्टमर बसलंय, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. त्या बाईंनी ऐकून घेतलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "दंड भरून तुम्ही जाणार कशावरनं? परत हीच गाडी चालवतच न्हवं?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

डिकी रिकामी करायला सांगितली. रेनकोट, कात्री, दोऱ्याची सहा रिळं, जेवणाचा डबा आणि कधीची तरी विसरलेली चिल्लर निघाली. गाडीचा नंबर, किलोमीटरचा आकडा, पुढच्या मडगार्डवरचा चरा, डाव्या बाजूला आरसा नाही, असं एकेक बघून कागदावर लिहिलं. सगळं कन्नडमध्ये होतं, मला त्यातला फक्त "२०७" हा आकडा वाचता आला. नंतर कळलं की ते मोटार वाहन कायद्यातलं कलम आहे. परवाना नसताना किंवा वय झालेलं नसताना गाडी चालवली असं पोलिसांना दिसलं, तर ह्या कलमाखाली ते गाडी ताब्यात घेऊ शकतात. नुसती पासिंग नसलेली किंवा परमिट नसलेलीच गाडी धरतात असं मला वाटायचं.

मग एक पोलीस माझ्या स्कुटीवर बसला आणि निघाला. वळणासाठी मी लावलेला डावा इंडिकेटर तसाच चालू होता. गर्दीत शिरेपर्यंत तो लुकलुकताना दिसत राहिला. नऊ वर्षांत माझी गाडी मी पाठीमागनं जाताना कधी बघितलीच नव्हती.

पिशवीत चौदा साड्या होत्या. त्यातल्या चार काठाच्या, जड. वडगावातनं शहापूरच्या खडेबाजारापर्यंत चालत गेले. विणकरांच्या गल्ल्या ओलांडताना दोनदा पिशवी खाली ठेवली. दुकानदार काका म्हणाले, "उशीर झाला बाई." गाडी धरली म्हटल्यावर म्हणाले, "आज सकाळपासनं तिसरी." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

स्कुटी आमच्याकडं सेकंडहँड आली होती. ह्यांचा कारखाना उद्यमबागेत, फाऊंड्रीत शिफ्ट असते, त्यामुळं ह्यांची मोटरसायकल वेगळी. शाळेच्या मैदानावर तीन संध्याकाळी शिकले. हे पाठीमागनं कॅरिअर धरून पळत होते, चौथ्या दिवशी धरायला कुणी नव्हतं आणि मी पडले नाही, म्हणजे शिकले. लायसन्स नंतर काढू असं ठरलं. नंतर म्हणजे कधी, तर ह्यांना सुट्टी रविवारी आणि आरटीओही रविवारी बंद. मधल्या वारी गेलं तर एका हाजरीचं नुकसान. एजंटाला द्यायचे तर तेवढ्या पैशात मुलीची वह्या-पुस्तकं होतात. आणि सगळ्यात खरं कारण हे की गरजच पडली नाही.

संध्याकाळी हे शिफ्ट संपवून आले. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. पण ते कागद उलटा-सुलटा करून एकच विचारत होते, "मी काय केलं? माझं लायसन्स आहे की!" त्यांचं लायसन्स खरंच आहे. ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकेखाली ठेवलेलं. फोटोत मिशी काळी कुळकुळीत. शेजारचा कॉलेजला जाणारा पोरगा आला, त्यानं कागद वाचून दाखवला आणि फोनवर कायदाही काढला. परवाना नसलेल्या माणसाला मालकानं गाडी देणं हाच एक वेगळा गुन्हा आहे. १९८८ च्या मूळ कायद्यात चालवणाऱ्याला ५०० पर्यंत आणि मालकाला १,००० पर्यंत दंड होता. २०१९ च्या सप्टेंबरपासून दुरुस्ती लागू झाली, त्यात दोघांनाही ५,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद. कैद हा शब्द पोरानं जरा मोठ्यानंच वाचला. सासूबाई आतनं म्हणाल्या, "आम्ही डोक्यावर दुधाची किटली घेऊन चालत जायचो शहापूरला. आमची किटली कुणी जप्त केली नाही."

दुसऱ्या दिवसापासनं बस.

कर्नाटकात २०२३ च्या जूनपासनं बायकांना बस फुकट आहे. आधार कार्ड दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. तेव्हा मी गल्लीत रुबाबात म्हणाले होते की मला कशाला पाहिजे, माझी गाडी आहे. आता त्याच शून्याच्या तिकिटावर, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, एका पायावर उभी. फुकट आहे म्हणून गर्दी आहे आणि गर्दी आहे म्हणून पिशवी मांडीवर कुणी घेत नाही. एका साडीची घडी मोडून पदर बाहेर आला आणि कुणाच्या तरी चपलेखाली गेला. पिवळ्या साडीवर काळा अर्धगोल. घरी नेऊन पेट्रोलनं पुसली, लिंबानं पुसली, शेवटी त्या डागावर पदराची दुमड येईल अशी घडी घातली. पापच केलं म्हणा. ती साडी कुणाच्या लग्नात नेसली असेल, देव जाणे.

गाडीनं जे काम अडीच तासांत व्हायचं त्याला बसनं अख्खा दिवस लागायला लागला. मशीन संध्याकाळी सहानंतरच चालू व्हायचं. एका साडीचे ७० रुपये मिळतात. आधी दिवसाला सात-आठ व्हायच्या, आता तीन. एका दुकानानं ऐन सराईत काम दुसरीकडं दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? पण खरं सांगू, पैशापेक्षा दुसरंच जास्त टोचलं. प्रत्येक गोष्टीला विचारावं लागायला लागलं. अहो, जरा सोडता का. दाजी, तुम्ही त्या बाजूला चाललाय का. शेजारच्या पोराला म्हणायचं, एवढी पिशवी नेतोस का रे. स्कुटी आल्यापासनं मी कुणाला काही विचारायचं सोडलं होतं, हे मला गाडी गेल्यावर कळलं.

ठाण्यात पहिल्यांदा गेलो त्या दिवशी हे अर्धी हाजरी बुडवून आले. साहेब नाहीत. दुसऱ्यांदा गेले, साहेब बंदोबस्ताला. बेळगावचा डिसेंबर म्हणजे अधिवेशन. सुवर्ण विधानसौधात आमदार-मंत्री आले की अख्ख्या शहराचे पोलीस तिकडं, आणि मोर्चे-उपोषणं सांभाळायला उरलेले. आमच्या एका स्कुटीचा कागद कोण शोधणार? "नाळे बर्री," उद्या या. चार दिवसांत हे दोन शब्द माझ्या इतके कानात बसले की मुलीनं भाजीला पैसे मागितले तर मीच म्हणायला लागले, नाळे बर्री.

ठाण्याच्या मागच्या आवारात धरलेल्या गाड्या होत्या. नुकत्या आणलेल्या पुढं, रांगेत. मागं गेलं की वर्ष वाढत जातं. शेवटच्या रांगेत एका मोपेडच्या चाकातनं भोपळ्याचा वेल वर चढलेला आणि हँडलवर एक पिवळं फूल. सीट उंदरांनी कुरतडून आतला स्पंज बाहेर काढलेला. एका मोटरसायकलच्या टाकीवर "आई-बाबांचा आशीर्वाद" असं लिहिलेलं, त्यातली "आई" उन्हानं उडालेली. ह्या गाड्यांचे मालक आलेच नाहीत म्हणे. गाडीच्या किमतीपेक्षा दंड आणि हेलपाटे जास्त झाले की माणूस गाडीचं नाव टाकतो. माझी पुढच्याच रांगेत होती, हँडलला नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधलेली. मी जाऊन आधी इंडिकेटरचं बटण बंद केलं.

तिथल्या दगडी कठड्यावर बसून वाट बघायची. त्या कठड्यावर मला ह्या सगळ्या प्रकाराची दुसरी बाजू दिसली. शेजारी एक काका बसले होते, खानापूरकडच्या एका गावचे, डोक्याला टोपी. त्यांचा मुलगा अकरावीला, वय सोळा. ट्यूशनला म्हणून बापाची मोटरसायकल नेली आणि सापडला. माझ्या केसला पाच-पाच हजार, पण त्यांचं गणितच वेगळं. अल्पवयीन मुलानं चालवली तर गुन्हेगार पालक किंवा मालक. २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. काका म्हणाले, "मला न विचारता नेली म्हणून सांगतोय, पण ते मीच शाबित करायचं म्हणे." थोड्या वेळानं म्हणाले, "विचारूनच नेली होती. रोज नेतोय." मग बराच वेळ टोपी काढून हातात फिरवत बसले. "पोरगं म्हणतंय शाळेतली सगळी आणतात. सगळ्यांचे बाप कुठं आहेत मग? मी एकटाच हितं कसा?"

ह्याच कठड्यावर एक चंदगडकडचा पोरगा होता, एमएच ०९ ची गाडी. सीमेवरच्या आमच्या भागात हे रोजचं. शिनोळी आली की महाराष्ट्र, अलीकडं कर्नाटक, शेत एका राज्यात आणि सासर दुसऱ्या. तो तावातावानं सांगत होता की माझं लायसन्स महाराष्ट्राचं आहे म्हणून मुद्दाम धरलं. आतनं पोलिसानं शांतपणे सांगितलं, "लायसन्स कुठल्याही राज्याचं असू दे, भारतभर चालतंय. पण चालवत तू नव्हतास. तुझा दोस्त होता. त्याचं कुठाय?" पोरगा गप्प. आपल्याकडं भाषेचं, राज्याचं काही निघालं की माणूस तिथंच अडकतो. माझंही मन आधी तिकडंच गेलं होतं, खोटं कशाला बोलू. मराठी बाई बघून धरली असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. धरणाऱ्या बाई माझ्याहून चांगलं मराठी बोलत होत्या, हे सांगितलं नव्हतं.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मी सोडणार नाही. हंगामात ऊसाचे ट्रॅक्टर बघा. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, पाठीमागं लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही, वर मोठ्यानं गाणी. रात्री समोरनं दिवे आले की मधे ट्रॉली आहे हेच दिसत नाही. चालवणाऱ्यांतल्या कितीजणांकडं परवाना असेल ते त्यांनाच ठाऊक. त्या आठवड्यात आवारात पंचवीस-तीस दुचाक्या होत्या, ट्रॅक्टर एकही नव्हता. ट्रॅक्टर धरला तर ठेवायचा कुठं आणि फोन कुणाकुणाचे येतील, हे मलाही कळतं. तरी.

गाडी सोडवायला आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि मालकाचं ओळखपत्र लागतं. इन्शुरन्सचा कागद सापडेना म्हणून आमच्याच गल्लीतल्या एजंटकडं गेले. त्यांनी नवीन प्रिंट दिली आणि सहज म्हणाले, "वहिनी, तुमचं लायसन्स नव्हतं तर मग नऊ वर्षं हप्ता कशाला भरलात?" मी म्हटलं, म्हणजे? कुणाला लागलं तर कंपनी देणार न्हवं?

"देणार. त्या माणसाला आधी देणार, कोर्टच द्यायला लावतंय. पण चालवणाऱ्याकडं लायसन्स नव्हतं म्हटल्यावर तेवढे पैसे कंपनी नंतर मालकाकडनं वसूल करून घेऊ शकते. सुप्रीम कोर्टाचा २००४ चा निकाल आहे. मालक कोण? दादा. दादांच्या नावावर काय आहे?"

दादांच्या नावावर वीस गुंठे आहेत. येळ्ळूरच्या शिवारात, राजहंसगडाकडं बघत. बासमती होतो त्यात.

त्या रात्री मला ते आजोबा आठवले. सहा वर्षं झाली असतील. वडगावात बाजाराच्या दिवशी, पाऊस भुरभुरत होता. दोन हातगाड्यांच्या मधनं एक आजोबा अचानक बाहेर आले. मी ब्रेक दाबला, चाक सरकलं, हँडलचं टोक त्यांच्या कमरेला लागलं आणि ते बसल्यासारखे खाली पडले. पिशवीतले पेरू रस्त्यावर गडगडले. मी गाडी टाकून धावले, त्यांना उठवलं, गुडघ्याचं सालटं निघालं होतं. हातगाडीवाल्याकडनं पाणी घेऊन धुतलं. दोनशे रुपये दिले. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतले, आणि मीच त्यांचे पेरू गोळा करून दिले. एक पेरू गटारात गेला होता, त्याचंही त्यांना वाईट वाटत होतं. हा किस्सा मी किती वेळा हसून सांगितला असेल. आजोबा पेरूला बघून रडकुंडीला आले होते, असा. कमरेचं हाड म्हाताऱ्या माणसाचं किती लवकर मोडतं हे माझ्या आईचं मोडल्यावर मला माहीत होतं. तरी मी तो किस्सा सांगत होते. डोळा लागेना. हे पण जागेच होते. मी म्हटलं, "ते आजोबा आठवतात का हो, पेरूवाले?" हे म्हणाले, "तेच आठवतंय."

कोर्टाचं फार सांगण्यासारखं नाही. चन्नम्मा चौकाजवळ, सकाळी साडेदहाला हजर. वकील, झेरॉक्सवाले, टायपिंगवाले आणि आमच्यासारखे कागद धरून उभे. दोघांची नावं पुकारली ती दुपारी दीडला. गुन्हा कबूल आहे का विचारलं. मी मराठीत हो म्हटलं, ह्यांनी नुसती मान हलवली, त्यांना तोंडानं बोलायला सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटं. दोघांचे मिळून १०,००० भरले. बाहेर आल्यावर मी मनात हिशोब केला, ७० रुपयांनी १४३ साड्या. ह्यांनी बाहेरच्या गाड्यावर मिरची भजी घेतली आणि म्हणाले, "खा, आता स्वस्त काहीच लागायचं नाही."

पावती, कागद घेऊन ठाण्यात गेलो. बावीस दिवस झाले होते. सही करताना साहेबांनी विचारलं, चालवत कोण नेणार? ह्यांनी ट्रंकेतलं लायसन्स पुढं केलं. साहेबांनी फोटोतली मिशी बघितली, समोरची बघितली आणि हसले. बॅटरी उतरली होती, चौदा-पंधरा किक मारल्यावर गाडी चालू झाली. मी पाठीमागं बसले. वडगावात पहिल्याच गॅरेजला थांबून डावीकडचा आरसा बसवून घेतला. तो फुटून तीन वर्षं झाली होती.

त्यानंतर स्कुटी घरीच उभी, मी बसमध्येच. आता हे मी कुणी धरेल ह्या भीतीनं केलं की शहाणपणानं, ते सांगता येत नाही. भीतीनंच असावं.

लर्निंग लायसन्सला अर्ज भरताना कळलं की मी चाळिशी ओलांडली म्हणून डॉक्टरांचा दाखला लागणार. आमचे डॉक्टर मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, रंग ओळखायला लावले आणि म्हणाले, "तू दहा वर्षं गाडी चालवतेस की गं, आता कशाला दाखला?" मी म्हटलं, सही करा आधी.

परीक्षा कॉम्प्युटरवर. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. मी मराठी शाळेत शिकलेली, प्रश्न कन्नडमधनं. पण मुलगीही मराठी शाळेतच आहे आणि तिला कन्नड विषय आहे, तिनं आठवडाभर माझा अभ्यास घेतला. निम्मे प्रश्न चित्रांचे असतात त्यामुळं भाषा कमी लागते, पण ती चित्रं मला कुठं येत होती? लाल कडेचं गोल म्हणजे हुकूम, पाळायलाच पाहिजे. त्रिकोण म्हणजे पुढं धोका आहे. उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्या. निळ्या गोलावर एकच तिरकी लाल रेघ असेल तर गाडी लावून जायचं नाही. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंसुद्धा नाही. ही फुली मी ओळखली. खडेबाजाराच्या जवळ एका खांबावर आहे. नऊ वर्षं मी माझी स्कुटी बरोबर त्या खांबाला टेकून लावत होते, कारण तिथं जागा नेहमी रिकामी असायची. रिकामी का असते असा विचार कधी आला नाही.

मुलगी म्हणाली, "आई, तू एवढी वर्षं अंदाजानं चालवत होतीस?" मी म्हटलं, गप बस, पुढचं विचार.

लर्निंग मिळालं की पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल एल लावायचा आणि पाठीमागं परवाना असलेला माणूस बसवायचा. दुसऱ्या कुणाला डबलसीट घ्यायचं नाही. म्हणजे आमचे हे. दुसऱ्या पाळीला जायच्या आधी सकाळी तासभर आणि रविवारी. जिनं नऊ वर्षं गाव पालथं घातलं ती बाई एल लावून चाललीय आणि मागं नवरा बसलाय, हे बघायला चांगळेश्वरीच्या देवळाच्या कट्ट्यावर माणसं बसायला लागली. ह्यांनी पहिल्या दिवशी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तू वळताना मागं बघतच नाहीस." मी म्हटलं, बघते. "आरसा नव्हता तेव्हा कशात बघत होतीस?" चार दिवस आमचं नीट बोलणं नव्हतं. पण मी वळताना मागं बघत नव्हते, हे खरं होतं.

तीस दिवसांनी टेस्ट. आरटीओच्या बाहेर एक एजंट म्हणाला, ताई, आठ काढायची गरज नाही, बघून घेतो. मी नको म्हटलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं, कोर्टानंतर हातात पैसेच राहिले नव्हते. आठ काढणं, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवणं, सोपं वाटत होतं. शेतातल्या चिखलात, बाजारच्या गर्दीत गाडी काढणारी मी. पण मोकळ्या जागेत आखलेल्या रेषेवर सावकाश गाडी वळवणं वेगळंच निघालं. दुसऱ्या गोलात पाय टेकला. साहेबांनी नुसतं बोटानं बाजूला व्हा सांगितलं. माझ्या मागची एक कोवळी पोरगी फुलपाखरासारखी आठ काढून गेली. घरी येऊन अंगणात खडूनं आठ आखला. सासूबाई ओट्यावर बसून मोजायच्या, "पाय टेकला. पाय टेकला. आता नाही टेकला." पुढच्या खेपेला पास झाले. कार्ड पोस्टानं घरी आलं, दहा वर्षांचं. फोटोत मी घाबरलेली दिसते.

गल्लीचं काय झालं ते सांगते. माझी गाडी धरल्यावर बाकीच्या सहा जणींनी पहिल्यांदा काय केलं, तर वडगावचं वळण टाळून जायची आतली वाट शोधली. त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपला ग्रुप झाला. सकाळी साडेनऊला कुणीतरी टाकतं, "वडगावला चेकिंग हाय", की सगळ्या शेतातल्या रस्त्यानं. त्या रस्त्यावर कालव्याला कठडा नाही. म्हणजे गाडी धरून एक शहाणी झाली आणि सहा जणी जास्त वाईट रस्त्यानं जायला लागल्या. हे मी पोलीस बाईंना सांगितलं असतं, पण त्या परत भेटल्या नाहीत.

जाऊबाईंनी मात्र परवा कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघितलं. मग इन्शुरन्सवाल्या भाऊजींचं बोलणं मी त्यांना सांगितलं, वीस गुंठ्यांचं. दाजींच्या, म्हणजे त्यांच्या मिस्टरांच्या, नावावर आमच्या शेजारचेच पंधरा आहेत. संध्याकाळी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. आधार कार्ड, फोटो, एकीनं तर शाळेचा दाखलाही. कोपऱ्यावरच्या वहिनी त्रेचाळीस वर्षांच्या आहेत, त्यांनी विचारलं डॉक्टर कुठले, तक्ता लांबचा असतो की जवळचा. मुलीनं रात्री बसून तिघींचे अर्ज भरले आणि फी म्हणून प्रत्येकीकडनं एक कुंद्याचा डबा कबूल करून घेतला.

सोमवारी चौघी निघणार आहोत. सव्वानऊची बस, शून्याचं तिकीट. स्कुट्या तिघींच्याही घरीच राहणार, हे मी आधीच सांगून ठेवलंय. जाऊबाई म्हणाल्या, "आरटीओपर्यंत तरी चालवत जाऊ की, एवढ्यासाठी कोण धरतंय."